चित्र लागतं तेव्हा

गाणाऱ्या लोकांचा मला एका शब्दापुरता कायम हेवा वाटत आलाय. ते म्हणतात, आज सूर लागला. किंवा म्हणतात, आज काही केल्या लागतच नाहीये. आमच्याकडे चित्रकारांत "हात बसला" असं म्हणतात पण ते वेगळं, हात एकदा बसला की बसला, सायकलसारखं, मधे दहा वर्षं गेली तरी फिगर, म्हणजे माणसाची आकृती, उभी करता येते. लागण्याचं तसं नाही, ते रोज नव्याने. म्हणून मी माझ्यापुरतं "चित्र लागलं" असं म्हणायला लागले आणि आता घरात सगळ्यांना ते कळतं, नवरा ऑफिसमधून आला की चपला काढता काढता विचारतो, लागलं का आज?

मी माणसं रंगवते. बसलेली, पेंगणारी, उभी, भाजी निवडणारी, नुसतीच खिडकीतून बघणारी. अमूर्त चित्रं मला बघायला फार आवडतात, गायतोंडेंच्या एखाद्या कॅनव्हाससमोर मी आरामात तासभर उभी राहीन, पण स्वतःच्या हातात ब्रश आला की मला समोर माणूसच लागतो. क्लासची मुलं, त्यांचे आईवडील, नातेवाईक, सगळे हमखास एक प्रश्न विचारतात की तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते आणि मूड नसला तर काय करता. लग्नकार्यात उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून आज निवांत लिहितेय.

आधी लागतं म्हणजे नक्की काय होतं ते सांगते. चित्र लागलेलं नसतं तेव्हा मला समोर नाक दिसतं, डोळा दिसतो, हनुवटी दिसते. म्हणजे वस्तू नाही, त्यांची नावं दिसतात. आणि नाव दिसलं की हात त्याला पाठ असलेलं नाक काढतो, शाळेतल्या इंटरमीजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेपासून काढत आलाय तेच. ते चुकीचं नसतं, पण ते समोरच्या माणसाचं नसतं. चित्र लागलं की ही नावं गळून पडतात. मग दिसतं काय तर नाकपुडीखालचा काळोख वरच्या ओठाच्या सावलीत मिसळतो, तिथून गालाच्या कडेने खाली उतरतो आणि गळ्यापर्यंत सलग एकच आकार होतो, मधे कुठे ओठ संपला हनुवटी सुरू झाली असं काही नसतंच. तेव्हा मी फक्त तो आकार लावत असते, हा इथे गडद, हा थोडा गरम, हा कडेला हरवलेला. कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात पण मोजल्या जात नाहीत. चहावर साय धरलेली नंतर दिसते.

आणि हे पहिल्या 40 मिनिटांत कधीच होत नाही. कधीच म्हणजे कधीच. इतक्या वर्षांत माझ्या बाबतीत हा आकडा जवळपास पक्का झालाय. पूर्वी मी त्या 40 मिनिटांतच हताश व्हायचे, आज दिवस वाईट आहे म्हणून ब्रश धुवून ठेवायचे. म्हणजे पाणी उकळायच्या आत रोज गॅस बंद करत होते मी. हे कळायला मला पस्तिशी गाठावी लागली.

मधे एक काळ असा गेला की ते लागणं पूर्णच बंद झालं. एका संस्थेची 14 पोर्ट्रेट्सची ऑर्डर होती, त्यांच्या संस्थापकांची आणि जुन्या पदाधिकाऱ्यांची, सगळी फोटोवरून. फोटो म्हणजे तरी काय, पासपोर्ट साईझ, त्यातले काही झेरॉक्स केलेले, एकात तर अर्धा चेहरा ओलीने गेलेला. पैशांची गरज होती, घेतली ऑर्डर. आठ महिने मी मेलेल्या माणसांच्या कपाळावरचा स्टुडिओतला फ्लॅश रंगवत होते. शेवटी त्यातली दोन परत आली, फोटोसारखी नाहीत म्हणून. मी दुरुस्त करून दिली, पैसे मिळाले, विषय संपला, पण त्यानंतर दीड वर्ष मी एकही स्वतःचं चित्र केलं नाही. कॅनव्हास समोर ठेवला की छातीत काहीतरी बसायचं. मला वाटायचं संपलं आपलं.

यातून मला बाहेर काढलं ते लोकलने. कोणी म्हणेल काय हे, पण खरंच. तेव्हा मी आठवड्यातून चार दिवस डोंबिवलीहून भायखळ्याला शिकवायला जायचे. एकदा येताना लेडीज डब्यात समोरची बाई गवार मोडत होती. आमच्या ट्रेनमध्ये हे रोजचंच आहे, संध्याकाळची भाजी घरी पोचेपर्यंत निवडून तयार. तिचे डोळे अर्धे मिटलेले, मान खिडकीच्या गजाला टेकलेली, आणि हात मात्र आपले आपण चालू, शेंगेचं टोक मोडायचं, शीर ओढायची, दोन तुकडे, पिशवीत. झोपेतसुद्धा एकही शेंग खाली पडत नव्हती. माझ्याकडे मुलांच्या हजेरीची वही होती, तिच्या मागच्या पानावर मी पेनने ते हात काढले. घाटकोपरला सुरुवात केली आणि ठाणे आलं तेव्हा ती उठून गेली. हजेरीच्या वहीतलं ते पान माझ्याकडे अजून आहे.

तेव्हापासून रोज. लोकलमध्ये चित्र काढायचं म्हणजे पोझ किती वेळाची ते तुमच्या हातात नाही, मॉडेल कुठल्याही स्टेशनला उतरू शकतं, चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीवर बसून काढायचं, शेजारणीचं कोपर लागलं की रेघ जाणार. त्यामुळे चांगलं काढायचा विचारच करता येत नाही. पहिल्यांदा बघायचं वजन कुठे आहे. उभ्याने झोपलेल्या बाईचं सगळं वजन वरच्या कडीला धरलेल्या एका मनगटात असतं आणि बाकीचं शरीर ओल्या साडीसारखं त्या मनगटापासून खाली लोंबत असतं. ते मनगट आधी काढलं की बाकीची बाई आपोआप येते. आधी चेहरा काढला तर ती बाई कधीच झोपत नाही, तुम्ही कितीही डोळे मिटवा.

याच काळात सुधीर पटवर्धनांची चित्रं मला खऱ्या अर्थाने भेटली. आधी कॅटलॉगमध्ये बघितलेली होती. 2019 च्या शेवटी मुंबईच्या एनजीएमएमध्ये, म्हणजे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, त्यांचं मोठं सिंहावलोकन प्रदर्शन लागलं होतं, तिथे मी दोनदा गेले. पटवर्धन 1949 साली पुण्यात जन्मले, पुण्यातच डॉक्टर झाले आणि 2005 पर्यंत ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून प्रॅक्टिस करत होते, चित्रकलेचं शिक्षण त्यांनी कुठल्या कॉलेजात घेतलेलं नाही. त्यांच्याबद्दल बोलताना लोक बहुतेक वेळा एक्सरेचा विषय काढतात, की माणसाच्या आतलं बघायची सवय म्हणून अशी चित्रं. मला मात्र त्या चित्रांसमोर दवाखान्यातला बाहेरचा बाक आठवतो. नंबर येईपर्यंत बसलेली माणसं. तिथे कोणी पोझ देत नाही, शरीर जसं आहे तसं ठेवून देतात. त्यांच्या 1977 च्या "इराणी रेस्टॉरंट"मध्ये, 1980 च्या "ट्रेन"मध्ये माणसांना जे वजन आहे, ते मला रोज सकाळी प्लॅटफॉर्मवर दिसत होतं आणि तरी रंगवण्यासारखं वाटत नव्हतं. आपल्या स्टेशनवरची, आपल्या ठाणे-कल्याणची माणसं एवढ्या मोठ्या कॅनव्हासवर एवढ्या आदराने उभी केलेली बघून मला गॅलरीत रडू आलं. तिथल्या बाकावर बसून राहिले थोडा वेळ.

आता सासूबाईंबद्दल.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, गारगोटीच्या. गेल्या पावसाळ्यात गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे राहायला आल्या. माझी कामाची खोली म्हणजे आतली बेडरूम, तिला उत्तरेची खिडकी आहे, सकाळी 9 पासून साधारण 12 पर्यंत एकसारखा थंड उजेड येतो. मी त्यांना म्हटलं, आई, माझ्यासमोर बसाल का रोज थोडा वेळ. त्या म्हणाल्या, बसून काय करू? हाच खरा प्रश्न होता. ऐंशीच्या आसपासच्या या बाईला रिकाम्या हातांनी बसताच येत नाही. पहिल्या दिवशी पदर सारखा करत राहिल्या, दुसऱ्या दिवशी पोथी मागितली, तिसऱ्या दिवशी मी मेथीच्या दोन जुड्या आणल्या आणि वर्तमानपत्र अंथरून दिलं. मग बसल्या. अशा बसल्या की मलाच भान राहिलं नाही.

त्यांचे हात मी 16 वर्षं बघत होते आणि एकदाही बघितले नव्हते. डाव्या अंगठ्याच्या पेरावर आडवा वण आहे, विळीचा, तो उजेडात आला की कातडीपेक्षा पांढरा दिसतो. हिरव्या काचेच्या बांगड्या मनगट बारीक झाल्यामुळे हात वर केला की पार कोपरापर्यंत घरंगळतात आणि हात खाली आला की परत एकमेकींवर येऊन बसतात, मधे एक सोन्याची पाटली. मेथीची काडी डाव्या हातात धरतात आणि उजव्या हाताची बोटं पानं खुडताना वळतात तेव्हा करंगळी कशालाच लागत नाही, हवेत उभी. ती करंगळी मला चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी आली, कारण करंगळी काढायची सोडून मी तिच्या आणि अनामिकेच्या मधली जागा काढली, एक लांबट, वर निमुळता होत गेलेला राखाडी तुकडा, मागच्या भिंतीचा. तो बरोबर लागला आणि करंगळी तिथे होती.

हातांच्या बाबतीत माझ्यावर लहानपणापासून एका चित्राचा परिणाम आहे, तुम्ही सगळ्यांनी ते बघितलेलं असणार. आमच्या मामाकडे त्याची फ्रेम केलेली प्रिंट होती. एक बाई हातात समई घेऊन उभी आहे आणि वारा लागू नये म्हणून दुसरा हात आडवा धरलाय, बोटांच्या फटींतून उजेड येतो, बोटांच्या कडा लाल झाल्यात. मामा सांगायचा राजा रवि वर्म्याचं आहे. खूप जणांचा अजूनही तोच समज आहे. ते चित्र सावळाराम हळदणकरांचं, सावंतवाडीत जन्मलेल्या आपल्या मराठी माणसाचं, 1945-46 च्या सुमाराचं, मूळ चित्र मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. समोर उभी राहिलेली त्यांची स्वतःची मुलगी गीता, ज्या पुढे कोल्हापूरला उपळेकरांच्या घरी गेल्या आणि 2018 साली, वयाच्या 102 व्या वर्षी वारल्या. आणि ते जलरंगातलं आहे! हे कळलं तेव्हा मी थक्क झाले होते. तैलरंगात उजेड वरून लावता येतो, चुकलं तर खरवडून परत. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे खालचा कागद, तो राखावा लागतो, म्हणजे बोटातून झिरपणारा तो प्रकाश कुठे असणार हे पहिल्या वॉशच्या, म्हणजे रंगाच्या पहिल्या पातळ थराच्या, आधी दिसलेलं असलं पाहिजे. मला कधी कंटाळा आला ना की मी तो हात डोळ्यांसमोर आणते आणि विचार करते, ती मुलगी किती वेळ तशी उभी राहिली असेल आणि तिच्या वडिलांना तेव्हा मुलगी दिसत असेल की फक्त लाल, केशरी आणि काळोख. मला वाटतं दोन्ही. फिगर पेंटिंगमध्ये मला सगळ्यात जास्त ओढणारी गोष्ट हीच आहे की नाव विसरून बघायचं आणि तरी माणूस सुटू द्यायचा नाही.

तर हात आले. चेहरा येईना. चेहऱ्यासाठी मी आईंना वर बघायला सांगायचे, माझ्याकडे, आणि त्या बघायच्याही बिचाऱ्या, पण मेथी थांबायची, खांदे वर यायचे, चेहऱ्यावर ते फोटो काढताना येतं तसं काहीतरी यायचं. तीन वेळा खरवडला. सेझान या फ्रेंच चित्रकाराने आपल्या व्होलार नावाच्या डीलरचं पोर्ट्रेट 1899 मध्ये केलं तेव्हा त्याला 115 वेळा बसवलं आणि काम अर्धवट सोडताना एवढंच म्हणाला की शर्टाचा पुढचा भाग काही वाईट झालेला नाही, असं व्होलारनेच लिहून ठेवलंय. पूर्वी वाचताना गंमत वाटायची, आता त्या माणसाची तळमळ कळते. नोव्हेंबरमध्ये एके दिवशी आई काठी टेकत कॅनव्हाससमोर येऊन उभ्या राहिल्या, चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हात माझं हायत गं. तोंड कुणाचं काढलंयस?"

त्या बरोबर बोलत होत्या. ते 14 पोर्ट्रेट्सपैकी पंधरावं होतं.

डिसेंबरमध्ये आम्ही अजिंठ्याला गेलो. मी विद्यार्थी असताना गेले होते पण तेव्हा 40 मुलं, दोन सर आणि घाई. या वेळी मी नवऱ्याला सांगून ठेवलं होतं की मला एका लेणीत पाहिजे तितकं बसू दे. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात बाहेरच्या उन्हातून आत गेलं की पहिली काही मिनिटं काहीच दिसत नाही. नुसता मंद दिवा आणि तपकिरी काळोख. लोक येतात, पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ धरलेला तो बोधिसत्त्व, कुठे आहे विचारतात, मोबाईल वर करतात, जातात. मी खांबाजवळ भिंतीला न टेकता बसून राहिले. साधारण दहा मिनिटांनी भिंत उघडायला लागली, म्हणजे खरंच उघडते ती, आधी मुकुट, मग खांद्याची ती उतरती रेघ, मग बोटांत धरलेलं कमळ, मग मागच्या अंधारातून एकेक चेहरा पुढे यायला लागतो, माकडं, मोर, झाडं. भिंत तीच, दिवा तोच, फक्त डोळे सरावले. माझ्या 40 मिनिटांचं कोडं मला त्या फरशीवर बसून सुटल्यासारखं वाटलं, मनाच्या बाहुल्यासुद्धा उघडायला वेळच घेतात.

आणि पद्मपाणी खाली बघतोय. हे मला माहीत होतं, कोणाला माहीत नसतं, पण त्या दिवशी ते कळलं. पापण्या उतरलेल्या, नजर कोणालाच भेटत नाही, आणि तरी दीड हजार वर्षं ज्यांनी ज्यांनी तो बघितला त्यांना वाटत आलं असेल की याला सगळं माहीत आहे. तो चेहरा डोळ्यांत नाहीच, तो भुवईच्या एका रेघेत आणि मानेच्या कलण्यात आहे. 1872 पासून 13 वर्षं मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टचे ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन इथे येत होते, पेस्तनजी बोमनजींसारखी मुलं या भिंतींच्या नकला करत होती, आणि त्यातल्या कितीतरी नकला पुढे लंडनच्या आगीत जळाल्या. मला त्या मुलांचा विचार येतो. महिनोन्महिने या चेहऱ्यांसमोर बसून त्यांच्या हातात काय उतरलं असेल, ते काही जळालं नसणार. चित्रकार अमृता शेरगिल पॅरिसमध्ये शिकून आलेली, 1936 च्या अखेरीला अजिंठा बघते आणि 1937 मध्ये तिची ती तीन दक्षिणी चित्रं येतात, "ब्राइड्स टॉयलेट", "ब्रह्मचारीज" आणि बाजाराला निघालेले गावकरी. त्यातली माणसंही किती शांत आणि किती आत बघणारी आहेत. 28 व्या वर्षी गेली ती. आणखी 30 वर्षं मिळाली असती तर, असं प्रत्येक वेळी वाटतं.

माझ्या वहीत मी फक्त भुवई आणि मान काढून आणली, सात-आठ वेळा.

घरी आल्यावर नेहमीसारखीच सुरुवात केली. मोबाईल तांदळाच्या डब्यावर स्वयंपाकघरात. जुन्या वर्तमानपत्रावर कोळशाने 20 मिनिटं नुसते हात सैल करायला आकार, ते फेकूनच द्यायचे. पॅलेटवर रंग त्याच क्रमाने, पांढरा, येलो ऑकर, लाईट रेड, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन, कारण तो क्रम लावताना हाताला कळतं की आता बसायचंय. टर्पेंटाईनचा वास. या सगळ्याला कोणी मूड आणणं म्हणेल तर म्हणू दे, माझ्यासाठी ते देवघरात समई घासण्यासारखं आहे, आधी ते करायचं. मग आई आल्या, मेथी घेतली, आणि मी त्यांना वर बघायला सांगितलं नाही.

त्यांनी मान खाली घातली. कपाळावरून उजेड घसरला आणि डोळ्यांच्या खोबणीत थांबला. पापणी, गाल आणि नाकाची बाजू यांच्यात एकच गडद आकार झाला, चष्म्याच्या काडीने मधे छेदलेला. ओठ किंचित हलत होते, काहीतरी पुटपुटत होत्या, बहुतेक अभंग. मला त्यांचा चेहरा दिसायचा बंद झाला आणि मी रंग लावायला लागले. मधे कधीतरी मेथी संपली असणार कारण नंतर बघितलं तर त्या खुडलेली पानंच परत चाळत बसल्या होत्या, मला उठवायचं नाही म्हणून. सव्वाबारा झाले होते. उजेड केव्हाच बदलला होता.

संध्याकाळी त्यांनी स्वतःहून दिवा लावून बघितलं. तोंडाबद्दल काही बोलल्या नाहीत. कॅनव्हासच्या खालच्या कोपऱ्यातल्या, वर्तमानपत्रावर पडलेल्या काड्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, एवढ्या जाड काड्या मी टाकीन का, त्याची भाजी होते. मी दुसऱ्या दिवशी काड्या बारीक केल्या. ब्रश धुवून मागे वळले तर आई दारात, एका हातात काठी, दुसऱ्या हातात गवारीची पिशवी, आणि स्टूल खिडकीकडे सरकवायला सांगत होत्या.